हलका हात

ऐरोलीतल्या लॅबमध्ये सकाळी सातपासून
मी रक्त घेते. उपाशीपोटी आलेली माणसं,
कुणी मान फिरवतं, कुणी उगाच पंख्याकडे बघतं.
जाड हातात शीर दिसत नाही, ती बोटाला लागते,
कातडीखाली किंचित उसळणारं काहीतरी.
सेक्टर सतराचे वाघुळदे सर म्हणतात,
करुणा, तुझा हात हलका.

हीच बोटं रात्री टाळूवरून फिरतात
आणि हजारांतला तो एक शोधतात,
जाडसर, वाकडा, भातातल्या खड्यासारखा.
सापडला की अंगभर शांत होतं.
मग टच्च.
मूळ बघते, पांढरं, ओलं. ओठांवरून फिरवते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांत भांग तीन बोटं डावीकडे सरकला.
हरेशला वाटतं थायरॉइड.
थायरॉइडचं रक्त मीच काढलं, माझं मी,
डाव्या हातातून उजव्या हाताने.
रिपोर्ट नॉर्मल आला. तो मी त्याला दाखवला नाही.

आता आठ आठवड्यांचा अभ्यास आहे, स्क्रीनवर.
समोर माणूस नाही, म्हणून नाव खरं टाकलं.
पहिल्या आठवड्यात काही सोडायचं नाही, फक्त मोजायचं.
मोजणं मला येतं. मंगळवार: दोनशे चौदा.
वेळ, जागा, कुठला हात, आधी काय वाटत होतं.
त्या शेवटच्या रकान्यात मी तीन रात्री लिहिलं, काही नाही.
चौथ्या रात्री लिहिलं,
कुकरची तिसरी शिट्टी येत नव्हती.

मग विचारलं, पहिली आठवण कुठली.
दिवा गावातले गोमाकाका, मिठागरावर मुकादम,
दुपारी ओटीवर आडवे व्हायचे, मी उशाशी.
एका पांढऱ्या केसाला दहा पैसे.
ते घोरायला लागायचे तरी माझं चालूच.
त्या मे महिन्यात मी नऊ रुपये जमवले.
हे कारण म्हणून लिहिलं, मग खोडलं.
काकांवर कशाला. त्यांना तर नुसती झोप लागायची.

तिसरा आठवडा: आरशावर कागद, बोटांना चिकटपट्ट्या.
मुलीने विचारलं, कापलं? हो म्हटलं.
आणि हात वर जायला लागला की
मूठ वळा. साठपर्यंत मोजा. सोडा.

रात्री पावणेबाराला मी एकटीच हसले.
रोज पन्नास-साठ जणांना मी दुसरं काय सांगते?
मूठ वळा, जरा टोचेल, आता सोडा.
एवढ्या वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात सगळं पडलं.
सासूबाई अॅडमिट, वाशीच्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर,
प्लॅस्टिकची खुर्ची, आणि माझा उजवा हात मोकळा.
तीनशेनंतर मोजणं सोडलं.
स्क्रीन म्हणाली, हरकत नाही, पुन्हा सुरू करूया.
तिला काय जातं म्हणायला.
नऊ दिवस लॅपटॉप उघडला नाही.
दहाव्या दिवशी उघडला
तर तेच वाक्य घेऊन ती तिथेच बसलेली.
माणूस असता तर निदान उसासा टाकला असता.

आज वाघुळदे सरांची शीर लवकर सापडेना.
मूठ वळा, म्हटलं,
आणि टेबलाखाली, ग्लोव्हमध्ये,
माझी डावी वळली.

संध्याकाळी मात्र हात टाळूवर गेलाच,
मूठबीठ आठवायच्या आधी गेला, खोटं कशाला.
तिथे खरखरीत काहीतरी.
नवे. तांदळाएवढे, उभे,
तेल लावलं तरी न बसणारे.
मी त्यांच्यावरून तळवा फिरवला. बोटं नाही, तळवा.

मग लॅपटॉप उघडून बसले.
काय लिहावं कळेना.
तिथे फक्त आकड्यापुरती जागा होती.