सुईशिवायची सिरिंज

जुफैरच्या कोपऱ्यावरची आमची फार्मसी रात्रभर उघडी.
गुरुवारी कॉजवेवरून गाड्यांची रांग लागते,
काउंटरवर तेच ते: निळी गोळी, च्युइंगगम, पाणी,
डोकं दुखतंय, काहीतरी द्या.

तो सिरिंज न्यायचा. सुईशिवायची, लहान,
तान्ह्यांना औषध पाजायची.
एकदा विचारलं, केवढं आहे बाळ?
थोडा थांबून म्हणाला, सहा महिन्यांचं.
मी ग्राइप वॉटर पुढे केलं. त्यानं घेतलंसुद्धा.
सौमित्र केळसकर. मी दाभोळची परकार.
तालुका एकच निघाला,
तेव्हापासून बाळाच्या नावानं आठ टक्के सूट.

त्या पहाटे साडेतीनला तो अनवाणी आला.
बुबुळं पसरलेली. तोंडात काही नसताना जबडा चावत होता.
एक माणूस उठत नाहीये.
काय घेतलंय त्यानं?
उठत नाहीये हो. इंजेक्शन द्या काहीतरी.
तू कधीपासून जागा आहेस?
आज वार कुठला?

शटर अर्धं ओढून मी त्याच्यामागे गेले.
तिसरा मजला. एसी अठरावर, तरी खोली घामेजलेली,
खिडकीला चंदेरी फॉइल.
फोनचा अलार्म वाजत होता,
पुढचा घोट कधी, त्याची दर तासाची आठवण.
टेबलावर माझी सिरिंज, तिच्यावर आमच्या दुकानाचं लेबल.
शेजारी ग्राइप वॉटर. सील तसंच.

खाली गादीवर रॉनेल,
हॉटेलात सकाळी ऑम्लेट करणारा.
उताणा. अंगावर फक्त चादर.
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
घोरतोय बघा, सौमित्र म्हणाला, गाढ झोपलाय.
ते घोरणं नव्हतं.

कुशीवर वळवलं. हनुवटी वर केली.
दोन श्वासांच्या मधल्या जागेत
माझा अख्खा पत्ता मावत होता:
मुक्काम पोस्ट दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.
मग कुठे पुढचा श्वास.

कॉलेजात हे एका वाक्यात शिकवलं होतं:
एक वस्तू काळजाला पळवते, दुसरी श्वासाला झोपवते,
आणि दोघी एकमेकींची पावलं पुसत जातात,
म्हणून माणसाला वाटतं, आपण अजून शाबूत,
आणखी एक चालेल,
आणखी एक माणूस चालेल.
त्या परीक्षेत मला चांगले गुण होते.

नऊशे नव्व्याण्णव लावायला गेले तर त्यानं मनगट धरलं.
नको. रक्त तपासतील. मग आम्हा दोघांना,
एवढंच बोलला.
मी हात सोडवला नाही.
दुसऱ्या हातानं फोन लावला.
रुग्ण तुमचा कोण, असं पलीकडून विचारलं.
भाऊ, म्हणाले. त्याचं आडनावही मला माहीत नव्हतं.

अकरा दिवसांनी सौमित्र आला. पायात चपला होत्या.
रॉनेल वाचला, म्हणाला. वॉर्डाच्या दाराशी शिपाई होता.
आता तिकीट निघालंय. एकाच बाजूचं.
तुम्ही फोन केला नसता तर तो इथे असता.
इथे कुठे? मी विचारलं.
तो दुधाच्या पावडरचे डबे बघत राहिला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
अशा रात्रीनंतर बहात्तर तासांच्या आत
सुरू करायच्या गोळ्या असतात. एका आजाराला दारातच अडवतात.
त्या पहाटे सांगायला हवं होतं.
मी श्वास मोजत बसले, तास मोजायचे राहिले.
आता फक्त म्हणाले, तपासून घे.
कुठे? व्हिसाला चार महिने आहेत.
गावी जाऊन कर, म्हणाले,
आणि केळशीतला दवाखाना, बाकावरची माणसं,
सगळ्यांना ठाऊक असलेलं त्याच्या बापाचं नाव,
माझ्याच डोळ्यांपुढे आलं.

जाताना त्यानं बाटली काउंटरवर ठेवली.
परत घेता का? सील फोडलेलं नाही.
औषध परत घेत नाहीत, पाटीच लावलीय मागे.
मी घेतली.
आठ टक्के वजा करून
पैसे त्याच्या हातावर मोजले.