वार

अहो,
तुम्ही फोनवर विचारलंत, बरी आहेस ना,
मी हो म्हणाले.
तेव्हा मी न्हाणीत उभी होते
आणि परकराचं पाणी
तिसऱ्यांदा लाल होत होतं.

बारसं झालं, पाहुणे गेले.
विसावा दिवस, पंचविसावा.
भिंतीवरच्या कॅलेंडरात
दुधाच्या खाड्यांशेजारी मी
बारीक रेघा मारत होते,
एका घडीला एक रेघ.
आई म्हणायची, घाण आहे, जाऊ दे, अडवू नये.
काकी म्हणायच्या, आमच्या वेळी तर सव्वा महिना.
बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी,
डिंकाचा लाडू सकाळी एक, रात्री एक,
आणि मी लाडवागणिक पांढरी.

एकतिसाव्या दिवशी
खारकेएवढी गाठ पडली.
नाही, खरं सांगते, लिंबाएवढी.
कागदात गुंडाळून लपवली,
लहानपणी फुटलेली बांगडी लपवायचे तशी.
बाळ रडलं म्हणून उठले
तर सगळं लेंगरे
माझ्याभोवती एक फेरी मारून आलं.

लतिका आलेली, आमची आशाताई,
बाळाचं वजन करायला.
झोळीचा काटा आढ्याला अडकवता अडकवता थांबली.
माझ्या पापणीखालची कातडी बोटानं ओढून पाहिली,
नखं दाबून पाहिली,
मग वजन वहीत लिहायचं राहूनच गेलं.
दिवसाला किती घड्या, म्हणाली.
मी कॅलेंडर दाखवलं.
आईनं त्या रेघा तेव्हा पाहिल्या.
तिला वाटत होतं, दूधवाल्याचा हिशोब आहे.

लतिकानं विचारलं, आणि वार?
आई म्हणाली, गुरुवार.
कुणीच हसलं नाही.

विट्यापर्यंत वडाप.
ड्रायव्हरनं पुढची सीट रिकामी करून दिली,
लतिकानं तिच्यावर
पोषण आहाराची पोस्टरं अंथरली,
गुळगुळीत बाजू वर करून.
विट्यात बाटली लावली, म्हणाले, मिरजेला न्या.
तासगाव कधी मागं पडलं कळलं नाही.
द्राक्षबागांवरचं प्लॅस्टिक तेवढं चमकलं,
मला वाटलं तळं आहे,
मी आईला म्हणाले, थांबव, पाणी पिते.

हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन.
तुम्ही तिकडं त्रिचूरला गुंजेगुंजेचा हिशोब ठेवता,
तुमच्या काट्यावर श्वास सोडला तरी आकडा हलतो,
म्हणून आकडा सांगते.
बारा लागतं.

डॉक्टरीणबाई पोटावरून गार यंत्र फिरवत
बराच वेळ पडद्यात बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, राहिलाय एक तुकडा, वारेचा,
बोटाच्या पेराएवढा.
त्याच्यामुळं पिशवी आवळत नाही.

मला तुमचं गलाईचं दुकान आठवलं.
सोनारांच्या पेढ्यांतला केर विकत आणायचा,
धुवायचा, जाळायचा, आटवायचा,
आणि शेवटी मुशीच्या तळाशी तो कण.
लग्नानंतर मला दाखवताना म्हणाला होतात,
केरात काही नसतं असं म्हणू नये,
बघणारा पाहिजे.

एक पिशवी साफ केली,
दोन पिशव्या माझ्यात रिकाम्या केल्या.
त्यांच्यावर नाव नव्हतं, नंबर होता.
मी त्या नंबराचे शेवटचे आकडे पाठ केलेत,
कशासाठी ते विचारू नका.
अडवू नये म्हणणारी माझी आई
रात्रभर नळीतले थेंब मोजत बसलेली,
मध्ये चुकली की पुन्हा एकपासून.

आता कापड कोरडं आहे.
कॅलेंडरवर दुधाचेच खाडे.
उभं राहिलं की डोकं अजून हलकं होतं,
गोळ्यांनी तोंडाला लोखंडाची चव येते.
तुम्ही पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा
बरी आहेस ना असं विचारू नका,
त्याला बाईच्या तोंडून होच निघतं.
आकडा विचारा.

लतिका काल येऊन गेली,
राहिलेलं वजन लिहून.
तीन किलो नऊशे.
काट्यात बसून तो
तिच्याकडं बघत होता टकामका,
एकदाही रडला नाही.