तीन सेकंदांपुरतं

पुंता अरेनासच्या नागरी नोंदणी कार्यालयात
माझं टेबल चार नंबरचं. ओळखपत्रांचे फोटो.
दारावर एलेउतेरियो.
पूर्वी तो फक्त आत शिरलेली कुत्री हाकलायचा,
आता निळ्या मास्कांचं खोकं मांडीवर घेऊन बसतो
आणि एक वही: किती आले, किती वाटले, किती उरले.
नाकतोंड झाकल्याशिवाय सरकारी इमारतीत प्रवेश नाही,
हे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून
काचेला आतून चिकटवलंय.
बाहेरून लावलेले तीन कागद
वाऱ्यानं सामुद्रधुनीत नेले.

आमच्याकडचा वारा म्हणजे
चौकात माणसांना धरायला दोर बांधतात, असला.
तो कुठला नियम पाळणार?
लोक येतात ते एका कानाला लोंबतं फडकं घेऊन,
एलेउतेरियो बोट दाखवतो: नाक.
दिवसभर एवढाच शब्द.
नाक, बाई. नाक, साहेब.

एकदा एक ट्रकवाला अडून बसला.
तोंड माझं, फुप्फुसं माझी,
सरकारचा काय संबंध?
एलेउतेरियो म्हणाला, तोंड तुमचंच आहे,
फक्त मागे रांग बरीच आहे.
त्यानं घातला, पुटपुटत,
आणि माझ्यासमोर बसला, तर मी म्हटलं, काढा.
घालू का काढू, एकदा ठरवा!

काढा. फोटोपुरता. श्वास रोखून, तीन सेकंद.
नियमाला तेवढीच फट आहे.
त्या फटीतून मी पाहते:
दोरीचे वळ, वाढलेल्या मिशा,
एवढ्यासाठीच लावून आलेली लिपस्टिक.
कुठला चेहरा करायचा, विसरलेत लोक.
अख्ख्या गावात मी एकटीच असेन
जिला रोज साठ परक्या हनुवट्या दिसतात.

सकाळी दहाला उजाडतं, त्या दिवसांतली गोष्ट.
बाल्दोमेरो कार्कामो समोर येऊन बसला,
जन्मभर मेंढ्या कातरलेली बोटं टेबलावर ठेवून.
मृत्यूचा दाखला दोन नंबरला, मी सांगितलं.
मिळाला, म्हणाला.

ओतिलियाचं कार्ड मार्चमध्ये इथेच नवं केलं होतं.
ते हॉस्पिटलच्या पिशवीबरोबर जाळलं त्यांनी.
मार्चनंतर तिचं तोंड पाहिलं नाही मी,
आधी घरात मास्क, मग नळ्या, मग बंद पेटी.
तुमच्याकडे आहे ना ती?
उघडी?

कायदा मला पाठ आहे.
मृताची प्रतिमा तिऱ्हाइताला दाखवता येत नाही,
अर्ज सान्तियागोला, मुदत नव्वद दिवस.
तिऱ्हाईत.
पंचेचाळीस वर्षं एका पांघरुणातला.

मी स्क्रीन पुसायला घेतला.
पुसता पुसता तो जरा जास्तच वळला काचेकडे.
मग माझं पेन पडलं.
टेबलाखाली पेन शोधायला किती वेळ लागतो
ते ज्याचं त्यानं ठरवावं.
खालून मला त्याचे बूट दिसत होते,
एकाची नाडी सुटलेली.
आधी ते टाचांवर होते,
मग चवड्यांवर आले.

फोटोत ती हसू दाबतेय.
पुढचे दात नव्हते तिला, आणि तरीही ती हसणारच होती,
मीच म्हटलं होतं, हसू नका,
चालत नाही.

वर आले तेव्हा त्यानं मास्क काढलेला,
तीन सेकंद केव्हाच उलटलेले.
एलेउतेरियोला दारातून सगळं दिसतं.
तो ओरडला नाही.
उठून आला, ओल्या मास्कशेजारी नवा ठेवला
आणि अगदी हळू म्हणाला,
नाक.

चारला अंधार पडला, वही जुळेना.
आलेले एकशे दहा, वाटलेले एकशे अकरा.
कारणाच्या रकान्यात
त्यानं थोडा विचार करून लिहिलं:
वारा.