सातवं गाणं

वखारभागातल्या घरी आज भांडण,
साखरपुड्यात कुठली गाणी लावायची त्याच्यावरून.
थोरला म्हणतो, जुनं गाणं आजच्या पट्टीनं मोजू नका,
त्या काळी चालायचं.
अल्फिया म्हणते, चालायचं म्हणजे कुणाला चालायचं?
सूनबाई भडंगाची परात मध्ये आणून ठेवते
आणि सगळे माझ्याकडं बघतात,
कारण गाण्यातलं मला कळतं असा या घरात समज आहे.

कळतं म्हणजे काय,
हरभट रोडच्या एका बोळात चार बाय सहाचं दुकान होतं,
दस्तगीर कॅसेट सेंटर.
लोक यादी आणायचे, मी भरून द्यायचो,
साठची कॅसेट, एका बाजूला सात गाणी.
आठवं अर्ध्यात तुटायचं, म्हणून सातच.

ते गाणं झकास आहे, हे आधी सांगतो.
ढोलकी अशी की समोरच्या टपरीवरचा पोऱ्या
विसळता विसळता कपबशा वाजवायचा.
त्यात तो तिला वाटेत अडवतो, मनगट धरतो,
ती तीनदा सोड म्हणते
आणि तीनदा ढोलकी हसते.
हजारभर वेळा तरी भरलं असेल मी.
ढोलकी ऐकू यायची मला.

सत्त्याऐंशीचा मार्च, हळदीचे सौदे जोरात,
सगळ्या गावाच्या नाकात पिवळं.
मालन मगदूम आली. यादी नवऱ्याच्या अक्षरात,
नवरा मार्केट यार्डात तोलार.
म्हणाली, दस्तगीरभाई, सातवं तेवढं गाळा.
मी म्हणालो, वहिनी, सगळ्यात भारी तेच तर आहे.
आहे, म्हणाली. तरी गाळा.
मी हसलो. गाणंच आहे हो ते, म्हणालो,
आणि भरलं.
यादी त्याची होती, पैसे त्याचे.

पावसाळ्यात कॅसेट परत आली. तुटली, म्हणाली.
चार स्क्रू काढून बघितलं,
नेमकी सातव्यात तुटलेली.
आता हे माझं खातं आहे, म्हणून सांगतो:
मशीनमध्ये गुंतून टेप तुटली तर टोकं ताणली जातात,
शेवयांसारखी पिळून येतात.
हिची टोकं सरळ होती. कात्रीची.
मी तिच्याकडं बघितलं.
ती समोरच्या बांगड्यांच्या दुकानाकडं.
मी जोड मारला. दोन रुपये घेतले.
दिवाळीच्या तोंडावर पुन्हा. पुन्हा सातवं, पुन्हा सरळ.
पुन्हा जोड, पुन्हा दोन रुपये.
जोड कळत नाही असं माझं नाव होतं, मिरजेपर्यंत.

तिसऱ्यांदा ती आली नाही.
कॅसेटचं काय झालं, तिचं काय झालं, माहीत नाही.
एकोणीसच्या पुरात दुकानात राहिलेला माल गेला,
गाळातून मुठी मुठीनं टेपा ओढून काढल्या
आणि उगाच टोकं बघत बसलो.

तेव्हा थोरल्या, ती पट्टी आजची नाही रे.
तेव्हाही होती,
माझ्या काउंटरसमोर, ओली छत्री पायाशी टेकवून उभी.
मी तिच्याकडनं दोनदा दोन दोन रुपये घेतले.

आणि अल्फिया, तू म्हणतेस टाकून द्या,
तर तेही मला जमेलसं वाटत नाही.
दाढी करताना ती ढोलकी अजून येते,
डाव्या हाताची बोटं बेसिनवर आपोआप पडतात.
फक्त हल्ली पहिल्या सोडपाशी आलो
की जोडावरून टेप जाताना व्हायचा
तसा एक टक् होतो,
आणि वस्तरा गालावरच थांबतो.
वाजवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.
भडंग घ्या आधी. मऊ पडेल.