तपासणी, उणे एकवीस

जिल्ह्याहून निघताना साहेबांनी हातात ठेवला
दोन रकान्यांचा कागद.
डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा.
मधली रेघ छापीलच, पट्टीने आखल्यासारखी सरळ.
नारिनच्या वर सरळ काहीच नाही, रस्तासुद्धा.

कारा-बुलाकची शाळा: एक खोली, चार इयत्ता,
एकोणीस मुलं, एक बाई. बातमाकान एजे.
साडेसहाला येऊन त्या शेगडी पेटवतात,
मग फळा पुसतात, कोरड्या फडक्याने,
ओलं फळ्यालाच चिकटून गोठतं.
प्रत्येक पोर दप्तरासोबत एक गोवरी आणतं.
ज्याने नाही आणली, तोही शेगडीजवळच बसतो.
हे मी डावीकडे लिहिलं.
मग आठवलं, इंधनाची तरतूद मंजूर झाली होती,
आमच्याच कचेरीत ती कुणाला तरी ऊब देत असणार.
उजवीकडे लिहायला घेतलं, खोडलं.

भिंतीवर नकाशा, आता नसलेल्या देशाचा.
त्यात आमच्या देशाभोवती एजेंनी लाल खडूने कुंपण घातलंय.
दर हिवाळ्यात पुसट होतं,
दर वसंतात त्या नवं घालतात.

पहिलीचं गणित: पेटीत बारा संत्री, चार काढली.
संत्रं कुणी पाहिलंय? दोनच हात वर.
एजेंनी संत्र्यांच्या मेंढ्या केल्या.
उत्तर एका दमात आलं. शिवाय एक पोर म्हणालं,
चार लांडग्याने नेल्या असतील
तर उरलेल्या आठ उद्या दूध देणार नाहीत, भीतीने.
"हे पुस्तकात नाही," म्हणत एजे पुढे गेल्या.
थांबायला हवं होतं, इथेच थांबायला हवं होतं.
पण आणखी तीन इयत्ता पेन्सिली चावत बसल्या होत्या.

तिलेक, दुसरी. वाचायला उभा केला.
अक्षरांवरून बोट असं चाललं
जसं नदीच्या पातळ बर्फावरून कुत्रं.
तिसऱ्या शब्दाला पाय आत गेला.
पुस्तक मिटलं. म्हटलं, तुझ्या सात पिढ्यांची नावं सांग.
त्याने नऊ सांगितली, एका श्वासात,
थेट त्या खापरपणज्याच्याही पलीकडे
जिथे त्याचा बापही चाचरत असेल.
"आता एक नाव लिही."
"कुणाचं?"
"तुझं."
खडू धरून उभाच राहिला.
हा मुलगा कुठल्या रकान्यात घालू, साहेब?

चौथीच्या मुली पाढे म्हणतात, सुरेख म्हणतात.
असं का येतं विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणतात.
लिहिलं: पाठांतर उत्तम.
लिहिलं: पाठांतर फार.

निघताना म्हटलं, मला काही विचारायचंय कुणाला?
एकोणीस तोंडं, एकोणीस कुलपं.

बाहेर सोव्हेतबेक गाडी गरम करत होता.
तोही याच खोलीतला, खिडकीकडच्या बाकावरचा.
"काय शिकलास रे इथे?"
"थंडीत गप्प बसायला," तो म्हणाला,
"खिंडीत गाडी अडकली की कामाला येतं."
तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

गाडीच्या टपावर कागद ठेवून
उजवीकडे दाबून लिहिलं:
मुले प्रश्न विचारीत नाहीत.

दार लावणार तेवढ्यात साल्किन, पहिली,
टोपी न घालताच धावत आलेली.
"बाई, तुमच्या पेनातली शाई गोठत नाही का?"

बघितलं. गोठली होती.
शेवटच्या ओळीचा नुसता चर उमटला होता कागदावर,
रंग नाही.
"काखेत धरा," ती म्हणाली, "आम्ही धरतो. येते मग."
आणि पळाली.

दुसऱ्या वळणापर्यंत
मी हात अंगाशी घट्ट आवळून बसले होते.