दहा, वीस, तीस

मस्कतहून आला तो टॉवेलात गुंडाळून,
मामाच्या बॅगेत, खजुराच्या डब्याखाली.
अण्णांनी आधी टॉवेलच झटकून बघितला.
नोटांच्या प्रेसमधली सवय:
रोज संध्याकाळी गेटवर
स्वतःचे खिसे उलटे करून दाखवायचे,
मगच घरी.

कॉम्प्युटर म्हणजे एवढाच?
वहीएवढा, काळा,
बटणं खोडरबरासारखी दबणारी.
नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये
त्याची वायर टीव्हीच्या पाठीत खुपसली
आणि वृषालीताईनं चॅनलची चकती फिरवली,
दुधावरची साय फाटू नये इतकी हळू.
मुंग्या, मुंग्या, नुसत्या मुंग्या,
मग एकदम पांढरं अंगण
आणि खाली कोपऱ्यात लुकलुकणारं एक अक्षर.
"काहीतरी विचारतंय बघ," आई म्हणाली.

अठ्ठेचाळीस केबी.
"म्हणजे किती गं?"
"तुझी पदार्थांची वही मावेल.
पार अनारशांच्या पानापर्यंत."
आईनं वही उचलून कपाटात ठेवली.
न जाणो.

ताई ओळींना नंबर द्यायची: दहा, वीस, तीस.
एक, दोन, तीन का नाही?
"मध्ये जागा सोडायची असते, येड्या.
नंतर आठवतं काहीतरी."

पिंपळगावच्या खैरनारकाकांना तिनं कबूल केलं होतं:
द्राक्षांचा सगळा हिशेब हे यंत्र करील.
चार किलोची पेटी, भाव, हमाली, तोलाई, दलाली,
वर्तमानपत्राच्या कागदाचेसुद्धा पैसे.
तीन संध्याकाळी तिनं तो टाइप केला,
तीनही वेळा लाइट गेली.
खिडकीतून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसायच्या,
धूर सोडत, निवांत.
वीज तिथं व्हायची
आणि जायची मात्र आमच्याकडची.

चौथ्या रात्री जमलं.
ताईनं टेपरेकॉर्डर जवळ ओढला,
नवी कॅसेट, दोन बटणं एकदम दाबली
आणि हात वर केला.
आम्ही तिघं जिथल्या तिथं.
अण्णांचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

सकाळी कॅसेट लावली तर काही नाही.
एरवी उलथन्यानं कढई खरवडावी तसा आवाज यायचा,
त्या आवाजातच सगळं असतं, ताई म्हणायची.
तो आलाच नाही.
पिन नीट बसली नव्हती.
ती रडली नाही. वायरची गुंडाळी केली,
घट्ट, गरजेपेक्षा जास्त घट्ट.
रविवारी खैरनारकाका आले तेव्हा
कॅलेंडरच्या पाठीवर
दहा मिनिटांत हिशेब मांडून दिला पेन्सिलीनं.
"एवढ्यासाठी मस्कतहून?" म्हणाले, आणि चहा घेतला.

ताई आता सिन्नरला, पतसंस्थेत.
मोबाइलवर काही अडलं की मुलाला हाक मारते.
यंत्राचं काय झालं कोण जाणे,
मामेभावानं नेलं बहुतेक.
गेल्या महिन्यात क्वार्टरमधून आणलेली जुनी पेटी उघडली
तर तळाशी कॅसेट, तिच्या गोल अक्षरात: द्राक्ष १.
भद्रकालीत एकानं टेप दुरुस्त करून दिला,
साडेतीनशे रुपये, वर उपदेश.

खरखर.
मग ताई, एकोणीस वर्षांची:
"कोणी बोलू नका हं, सेव्ह होतंय."
आणि खरंच कोणी बोललं नाही.
लांबून नाशिकरोडला शिरणारी गाडी,
कुकरची अर्धी शिट्टी, जी आईनं
बहुतेक धावत जाऊन दाबून धरली,
पंख्याची टकटक,
आणि जवळच कुठेतरी
खोकला गिळणारा एक माणूस.

पिन ढिली होती,
म्हणून टेपनं स्वतःच्या कानानं ऐकलं,
खोलीभर जे होतं ते.

दोन मिनिटं अकरा सेकंद.
शेवटी अण्णा, अगदी हळू:
"झालं का?"
आणि खटका.

ताईला फोन लावला, टेपजवळ धरला.
पलीकडे इतकी शांतता
की वाटलं, लाइन कट झाली.
मग म्हणाली, "परत लाव.
नाही, सगळं नको.
ती गाडी आणि खटका यांच्या मधलं."