रकाना सात

मंगळवार. सान लुइसच्या खोऱ्यात उणे एकोणीस,
आणि माझ्या टेबलावर एका पानाचा उतारा:
दीपगृह, त्याचा म्हातारा राखणदार, धुकं, एक नाव.
इथून समुद्र हजार मैलांवर.
मी स्वतः तो पाहिला लग्नानंतर, तेही गाडीतून.

पास्कुआल येतो. टोपी काढत नाही.
काढ म्हणणं मी नोव्हेंबरातच सोडून दिलं.
अकरा वर्षांचा, चौथीत दुसऱ्यांदा.
घरी कान्होबाल, जिन्यात स्पॅनिश, इथे इंग्रजी.
तीन घरचा पाहुणा,
आणि किती उपाशी, हे मोजायला मी.

कागदाच्या डोक्यावर नावासाठी रेघ असते.
ती तो भरतो. एस उलटा.

पहिल्या ओळीला पाऊण मिनिट.
'लाइट' या शब्दाच्या पोटात दोन अक्षरं आहेत
जी कुणीच उच्चारत नाही.
तो थांबतो. दोन्ही उच्चारतो,
घशाच्या तळातून, जवळजवळ खोकल्यासारखी.
आलीच आहेत तर त्यांनाही बोलू द्यावं, असं काहीतरी.
मी चुकीची रेघ मारते. रेघ मारणं माझं काम आहे.

ओळ संपते तेव्हा तिची सुरुवात
हातातून निसटलेली असते.
मग पुन्हा पहिल्यापासून,
बोट कागदावर इतकं दाबून
की नखाखाली पांढरं.

ऑक्टोबरात बैठक झाली होती.
मानसतज्ज्ञ ओस्टरगार्ड, मुख्याध्यापिका, मी,
आणि स्पीकरफोनमध्ये डेन्व्हरचा दुभाषा, स्पॅनिशचा.
"मूळ प्रश्न असा, की अडचण भाषेची आहे की मेंदूची?"
त्याची आई मिकाएला रात्रपाळी करून थेट आलेली,
मश्रूमच्या शेडमधला ओला वास कोटाला.
स्पॅनिश तिचीही उसनीच.
ती हो म्हणाली.
ओस्टरगार्डनी ते लिहून घेतलं.

आज मी कात्री काढली.
उताऱ्याच्या सहा पट्ट्या केल्या.
मी वाचते, तू लाव. आधी काय झालं ते वर, मग त्याखालचं.
टॉर्च लावून दाखवली, विझवून दाखवली,
धुकं म्हणून ट्रेसिंग पेपर धरला तोंडासमोर,
तेव्हा तो हसला. जानेवारीतलं पहिलं.

आणि शेवटची पट्टी उचलून त्याने सगळ्यात वर ठेवली:
'सकाळी वाळूवर एक वल्हं सापडलं.'
माझा हात पुढे गेला, दुरुस्त करायला.

"नाही, मिस. लोकांना आधी हे कळतं."
मग धुकं. मग विझलेला दिवा.
म्हातारा आजारी होता, हे अगदी तळाशी.
"माझ्या काकाचं पण असंच.
आधी बूट आले.
मग कुठे, ते.
का, ते अजून नाही."

हीटर टकटकत होता.
शेजारच्या वर्गात कुणीतरी पाढे म्हणत होतं.
मी पट्ट्या हलवल्या नाहीत.
उत्तरसूचीप्रमाणे सहापैकी शून्य.

रकाना सात: वाचनाचं आकलन. रुंदी दीड इंच.
लिहिलं, 'घटनाक्रम लावता येत नाही.'
खोडलं.
लिहिलं, 'लावतो, पण कळण्याच्या क्रमाने,'
आणि 'पण' खोडताना कागद फाटला.
उरलेलं समासात गेलं, तिरकं,
जिथलं कुणी टाइप करून घेत नाही.

घंटा झाली. दप्तर एका खांद्यावर,
दारातून तो परत वळला.
"आणि नाव? नाव वाचली?"

उताऱ्यात ते नव्हतं.
तरी मी पान उलटून पाहिलं.
मागे भागाकार होते.